न चाललेली नऊ हजार पावलं

मी एक जुना फिटनेस बँड आहे. माझा पट्टा तडकलाय, काचेवर चरे पडलेत. मित्रांनो, माझ्या बोलण्यावर लगेच विश्वास ठेवू नका. माझा स्वतःचाही माझ्यावर फारसा राहिलेला नाही.

हात हलला की पाऊल मोजायचं, एवढंच मला कारखान्यात शिकवलं. पुढे मी एका इस्त्रीवाल्याच्या उजव्या मनगटावर आलो. त्याचा गुडघा पार कामातून गेला होता. ऑपरेशन करू, पण आधी सात किलो वजन उतरवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दिवसभर उभं राहायचं काम, त्यामुळे ऑपरेशन लांबलं तर दुकानाला कुलूप लागणार होतं.

बायकोने त्याच्या फोनवर आहाराचं ॲप घेतलं. ते त्याला दिवसाला अठराशे कॅलरी द्यायचं आणि मी व्यायाम कळवला की तेवढ्या वाढवून द्यायचं. "अजून तीनशे शिल्लक आहेत," म्हणत ती रोज त्याच्या ताटात थोडं जास्त वाढायची. माझं कौतुक व्हायचं आणि मी फुशारून जायचो.

दोन महिने झाले तरी वजनाचा काटा जागचा हलेना. बायकोच्या मनात पाल चुकचुकली.

"दुकानात काय खाता ते खरं सांगा."

"डब्याशिवाय काही नाही गं."

"मग वजन काय हवा खाऊन टिकलंय?"

त्या दिवसापासून ती त्याचे खिसे तपासू लागली, शेजारच्या चांभाराकडे आडून आडून चौकशी करू लागली. तो मान खाली घालून जेवायचा. तो खरं बोलत होता हे मला माहीत होतं, पण मला तोंड नव्हतं. माझा संशय ॲपवर होता. स्वतः एक पाऊल न चालता एवढं उदार होणारं कुणीही मला खटकतं.

वजन आणखी किलोभर वाढलं, तेव्हा एके सकाळी बायको स्टूल घेऊन दुकानात येऊन बसली. मदतीला आले म्हणाली. पाळतीवर आली होती, हे त्यालाही कळलं. संध्याकाळपर्यंत त्याने शंभर शर्ट इस्त्री केले आणि फक्त डबा खाल्ला. मग तिने फोन पाहिला. नऊ हजार पावलं.

"अहो, तुम्ही तर टेबलापासून हललाही नाहीत."

तिने त्याचं मनगट धरून इस्त्रीसारखं मागेपुढे केलं. मी इमानदारीत मोजत गेलो. पावलं वाढली. मित्रांनो, चोर मीच होतो, आणि तेही तिच्या डोळ्यांदेखत.

तिने आदल्या दिवसाची नोंद उघडली. दुकान बंद करून तो लंगडत मारायचा तो संध्याकाळचा फेरफटका तिथे दोनदा होता, एकदा मी पाठवलेला आणि एकदा हाताने लिहिलेला.

"हा कुणी लिहिला?"

"मी. तू संशय घ्यायला लागलीस तेव्हापासून लिहितोय. तुला पटावं म्हणून."

ॲपने दोन्ही खरे धरून कॅलरी दुप्पट दिल्या होत्या. तिने फोन टेबलावर उलटा ठेवला. "म्हणजे तुमच्या ताटात मीच वाढत होते की," एवढंच म्हणाली.

त्यानंतर दुकानात मला काढून ठेवू लागले, हाताने लिहिणं बंद झालं आणि माझ्या हिशोबातल्या निम्म्याच कॅलरी ताटात येऊ लागल्या. वजन उतरलं. ऑपरेशन झालं, पण पाच महिने उशिरा. ते पाच महिने तो भिंत धरून जिना चढला, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मित्रांनो, मला खुशाल बांधा, पण मी काय मोजलं आणि ॲपने ते किती वेळा धरलं, हे पाहिल्याशिवाय जास्तीचा घास घेऊ नका. आणि आकडा जुळेनासा झाला, तर घरच्या माणसाचे खिसे तपासण्याआधी मला तपासा.