एल्मबेंडची खानेसुमारी

माझ्या मुलाला, शारीकला, कॅनडातल्या एल्मबेंड नावाच्या खेड्यात गॅरेजमध्ये काम मिळालं. इथलं, सौदीतल्या अल खफजीतलं त्याचं काम सुटणार, म्हणजे आम्हा सगळ्यांचा इकामाही, इथं राहायचा परवाना, जाणार. मी म्हणत होतो, सगळे रत्नागिरीकडे आपल्या गावी चला, घराला नवं छप्पर घातलंय. तो ऐकेना. शेवटी मी म्हटलं, "गावाची चौकशी केल्याशिवाय आपण मुलगी देत नाही, तू तर अख्खं घर नेतोयस. तिथल्या सरपंचाशी मला बोलू दे."

दुपारी असरच्या नमाजानंतर त्याने फोन लावला. पडद्यावर पिकल्या केसांची बाई आली. तीच गावची मेयर. मला दादा म्हणणारी नात उमामा मधे बसून माझं तिला इंग्रजीत आणि तिचं मला मराठीत सांगू लागली.

"गाव कधी वसलं, विचार."

बाई खुलली. रेल्वे आली तेव्हा वसलं, म्हणाली. गव्हाची कोठारं होती, दोन चर्च, शाळा, हॉटेल. सहाशेची वस्ती. मग रूळ उखडले, शाळा बंद पडली. आता एकशे चाळीस.

"बाहेरचे धरून?"

"दादा, ती विचारते, आउटसाइड म्हणजे कोण?"

"अगं, कामाला परमुलखात गेलेत ते! घराला कुलूप लावून गेलेत, वर्गणी पाठवतात, ते!"

बाई म्हणाली, गेला तो गेला. त्याला आम्ही मोजत नाही.

मला संतापच आला. हे कसलं गाव? माझा जन्म आखातात गेला, तरी गावच्या मशिदीत जमातीच्या वहीत माझं नाव आहे.

"आमचं गाव साडेसातशेचं आहे, सांग तिला."

"अब्बा," शारीक म्हणाला, "गेल्या ईदला मशिदीत दुसरी रांग भरली नाही."

"तू गप. चावी खिशात आहे तोवर माणूस गावचाच."

स्वयंपाकघरातून सून बिलकिस म्हणाली, "मग पोरांना चावी राखायला बसवू का, अब्बा?"

तिकडे बाई सांगत होती, तुमची दोन मुलं आली की शाळेची बस पुन्हा आमच्या गावात यायला लागेल.

"म्हणजे बस भरायला माझी नातवंडं हवीत यांना!"

हे उमामाने सांगितलं नाही. मग बाईने काहीतरी विचारलं आणि उमामा घुटमळली.

"काय म्हणते?"

"किती जण येणार? घर बघून ठेवायचंय तिला."

मी पडद्याकडे सरकलो. पाच म्हणावं की कुणीच नाही म्हणावं, माझं ठरेना.

"फोर," शारीक म्हणाला. एवढं इंग्रजी मला कळतं.

"व्हिसा चौघांचाच आहे, अब्बा." तो माझ्याकडे बघत नव्हता. "तुमचं मुंबईचं तिकीट काढतो."

"आणि जमातीच्या वहीत तुमची नावं? ठेवायची ना?" मी विचारलं.

"काढायला सांगा. दोन गावांचं नाही जमणार आम्हाला."

बाई हसून हात हलवत होती. मी फोन उलटा करून ठेवला.