कव्हरमधलं गाणं

"बाबा, आयुष्यभर दुसऱ्यांचीच गाणी वाजवून तुम्हाला कंटाळा नाही आला?"

प्रश्न विचारला हेतलने, पण तो तिच्या एकटीचा नव्हता. "विचारून दाखव, नाहीतर तू घाबरट!" असं म्हणून जिक्रा आणि हादिया या तिच्या मैत्रिणींनीच तिला पुढे ढकललं होतं. दोघी दारामागे श्वास रोखून उभ्या होत्या. आणि वर कपाटावर पडल्या पडल्या माझ्या तारा भीतीने ताठ झाल्या होत्या! कारण मित्रांनो, त्या प्रश्नाचं उत्तर बाबांइतकंच मलाही माहीत होतं.

मी एक जुना बेंजो आहे. लाकडाची लांबट पेटी, वर ताणलेल्या तारा आणि टाइपरायटरसारखी गोल बटणं. एका हाताने बटणं दाबायची, दुसऱ्याने तारा छेडायच्या. कोन गावच्या कमळाकरने, म्हणजे हेतलच्या बाबांनी, मला पनवेलच्या बाजारातून आणलं तेव्हा मी लालभडक होतो. काय मान होता माझा! हळदीच्या मांडवात माझा पहिला सूर निघाला की म्हाताऱ्या आज्यासुद्धा पदर खोचून नाचायला उठायच्या. गाणी मात्र नेहमी लोकांच्या फर्माईशीची. कोणीतरी सांगायचं, आम्ही वाजवायचो.

फक्त एकदाच, नेरे गावातल्या एका हळदीत, कमळाकरने स्वतः रचलेली चाल सुरू केली. पाणी हळूहळू चढावं तशी ती चाल होती. चार ओळी झाल्या नसतील, तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "ओ बेंजोवाले, आमाला झोपवता काय? फर्माईश वाजवा, नायतर घरी जा!" सगळा मांडव हसला. पाठोपाठ एक चप्पल आली आणि माझं सातवं बटण तुटून उडालं. तो दणका माझ्या लाकडात अजून आहे. कमळाकरने मुकाट्याने लोकांचं गाणं धरलं, आणि ती चाल पुन्हा कधीच वाजवली नाही.

मग गावोगाव डीजे आला. हेतलच्या आईने, भामाने, छत्रीच्या काळ्या कापडाचं कव्हर शिवून मला त्यात घातलं आणि मी कपाटावर गेलो. तिथे अंधार होता, पाली होत्या, तारांना गंज चढत होता. पण खरं सांगू? चपलेपेक्षा तो अंधार बरा वाटायचा.

आणि आता या तीन मुलींनी बँड काढला होता! शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांना एकच गाणं वाजवायला मिळणार होतं. त्यावरून त्या आठवडाभर भांडत होत्या.

"कव्हरच वाजवायचं," हादिया म्हणायची. तिच्या मामूने कुवेतहून आणलेला छोटा कीबोर्ड ती वाजवायची. "ओळखीचं नसलं तर दहावीची पोरं शिट्ट्या मारून खाली उतरवतील आपल्याला."

"मग मोबाइलच ठेवू ना स्टेजवर! तोही कव्हर घालूनच येतो," जिक्रा फिस्कारायची. ती गायची.

मी हादरलो. कव्हर वाजवायचं? म्हणजे मला काढायचंच नाही? दुसऱ्याचं गाजलेलं गाणं आपण वाजवलं की त्याला कव्हर म्हणतात, हे मला मागाहून कळलं.

तर, हेतलने तो प्रश्न विचारला. कमळाकर म्हणाला, "लोकांना हवा तेच वाजवा, पोरी. नवीन वाजवाल त चपला खाल." आणि उठून दाराबाहेरच्या ओट्यावर जाऊन बसला.

स्वयंपाकघरातून भामा तरातरा आली. "काय कवर-कवर लावलंय मगाधरून? कवर वाजवायचा नाय, धुवायचा हाय! धूळ बघ किती!" तिने मला खाली काढलं, कव्हर ओढलं आणि धुण्याआधीच्या सवयीने आतला खिसा चाचपला. आतून घडी घातलेला कागद पडला. त्यावर पेन्सिलीने नुसते आकडे होते: ३, ५, ७, ७, ५...

"बाबांचं अक्षर!" हेतल पुटपुटली. आकडे बटणांचे आहेत हे तिला लगेच कळलं. तिने मला मांडीवर घेतलं. मी मनात ओरडत होतो, नको गं, नको! तीन. पाच. मग जिथे सात यायला हवं तिथे नुसता खड्डा. पुन्हा खड्डा. तरी त्याच चालीचं पाणी चढू लागलं. जिक्राने नकळत सूर धरला. हादिया भांडण विसरली.

ओट्यावरून कमळाकर दारात आला. त्याचा चेहरा नेऱ्याच्या मांडवात चप्पल आली तेव्हासारखा होता.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वाद्याला धुळीपासून जपा, जरूर कव्हर घाला. पण ते काढायला विसरू नका. मी भितो, अजूनही भितो. तरी त्या दिवशी पहिल्यांदा मला चपलेपेक्षा कपाटाची जास्त भीती वाटली.

"आई, बाबा, ऐका," हेतल म्हणाली. मैत्रिणींनी डोळ्यांनीच होकार दिला होता, तिची मान ताठ होती. "आमचं ठरलं. स्टेजवर आम्ही कव्हरच वाजवणार. पण बाबांच्या गाण्याचं. चपला आल्या तर आल्या! तेवढं सातवं बटण मात्र, बाबा, तुम्ही बसवून द्यायचं."