दुर्बिणीची पडशी

दुर्बिणीनं चौथ्यांदा मान टाकली. आठ नळ्यांवर उभं असलेलं तिचं डोकं हळूहळू झुकत खाली आलं आणि रोहिणीनं दोन्ही हात पुढं करून ते वरच्यावर झेललं. ओट्यावर चहा पीत बसलेल्या हनुमंतानं कप खाली ठेवला.

"अगं, पयली दुर्बीण काय वाईट व्हती?"

रोहिणीनं नवऱ्याकडं नुसतं बघितलं. त्यानं कप पुन्हा उचलला.

पहिली दुर्बीण मुळीच वाईट नव्हती, तेच तर दुखणं होतं. कॉलेजात असताना चौदा महिने हातानं काच घासून रोहिणीनं तिचा सोळा इंची आरसा केला होता. लग्नानंतर ती निरगुडसरला आली, मागोमाग पिंपाएवढ्या जाड नळीतली दुर्बीण आली. चार गड्यांनी ती अंगणात उतरवली, आणि सहा वर्षं ती जागची हलली नाही. सुरुवातीला गावाला ती पाण्याची टाकी वाटली, मग तेही कौतुक संपलं. दुर्बीण अशी एका जागी खिळून राहणं रोहिणीला काही पटेना. म्हणून तिनं नळी काढून टाकली. खाली आरशाला बैठकीवर वर-खाली झुलणारी लाकडी पेटी, वर डोळा लावायची कडी आणि मध्ये शेतातले तुषार सिंचनाचे जुने पाइप कापून केलेल्या आठ नळ्या. सगळं सुटं होणार, दोघांना उचलणार, पिकअपमध्ये मावणार. राजुरीच्या शाळेतल्या तेजस्विनीबाईंना तिनं मुलांना आकाश दाखवायला आज संध्याकाळी सहाचा शब्दही देऊन टाकला होता.

चांगली चालती दुर्बीण कापून झाल्यावर मात्र कळलं, की आता डोकं जड आणि बूड हलकं झालंय. माणसाचं एक वेळ तसंही निभतं, दुर्बिणीचं निभत नाही. तिनं पेटीच्या पाठीला दोन विटा बांधून पाहिल्या. दुर्बीण आडवी असताना बरी राही, उभी केली की मागं कलंडे. विटा सोडल्या की पुन्हा नाकावर. तीन वाजून गेले होते. बाईंना फोन करून काय सांगायचं, याची वाक्यं ती मनात जुळवू लागली.

शेवग्याखाली तिचे सासरे ज्योतिबा बसले होते. चाळीस वर्षं घोड्यावर बिऱ्हाड लादून, मेंढरांमागं पार कोकणापर्यंत हिंडलेला माणूस. गुडघे थकले, वाटेवरची चराईची रानं कुंपणात गेली, आणि दिवाळीला मेंढरं विकावी लागली. घोडा त्याच्याही आधी गेला होता. तेव्हापासून म्हाताऱ्यानं फाटकाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं आणि चार शब्दांच्या वर बोलणंही नव्हतं. रोहिणीला ते फार लागायचं, पण त्यावर औषध तिला सापडलं नव्हतं.

"एका अंगाला वझं कोन बांधतं?"

दोघांनी चमकून शेवग्याकडं बघितलं.

"घोडं असतं तर लाथ घातली असती," ज्योतिबा म्हणाले, आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

ते घरात गेले. बराच वेळ खुडबुड ऐकू आली. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात काळ्या लोकरीची, घोड्याच्या पाठीवर टाकायची दोन तोंडांची पडशी होती. त्यांनी ती झटकली. बांधकामाच्या ढिगातली वाळू मूठमूठ दोन्ही कप्प्यांत भरली. मग पडशी मधोमध धरून उचलली, डोळे मिटले, आणि डावीकडची अर्धी मूठ वाळू उजवीकडं टाकली.

"मामा, वजनकाटा आणू का?"

"कशाला? हात हाईत की."

पडशी त्यांनी आरशाच्या पेटीच्या बुडाखालून घेतली. एक कप्पा या बाजूला, एक त्या बाजूला. सुतळीनं दोन्ही कप्पे पेटीला असे आवळले, की एक टोक ओढताच गाठ सुटावी.

"दोन्हीकडं सारकं पायजे, आन् खाली पायजे. मंग घाट चढा न्हाईतर उतरा, वझं सरकत न्हाई. हं, हालीव आता."

रोहिणीनं एका बोटानं दुर्बीण ढकलली. ती वर गेली आणि थांबली. खाली आणली, तिथंही थांबली. जिथं सोडावी तिथं राहू लागली. रोहिणीला नाचावंसं वाटलं. सासऱ्यांसमोर ते बरं दिसेल का, हा विचार होईपर्यंत तिचा एक पाय नाचून गेलासुद्धा.

पूर्वेला उजेडातच अर्धा चंद्र चढला होता. तिनं दुर्बीण त्याच्याकडं वळवली, डोळा लावला, चित्र स्पष्ट केलं.

"मामा, या."

ज्योतिबांनी पागोटं मागं सारलं आणि वाकले. एक डोळा मिटून त्यांनी दुसरा काचेला लावला.

"चिखलातनं कळप गेल्यावानी खुरं उठल्यात," ते शेवटी म्हणाले. "लई मोठा कळप व्हता बग."

हनुमंत ओट्यावरून उठून आला, पण त्याचा नंबर काही केल्या लागेना.

साडेचारला पिकअप भरायला घेतली. हनुमंत आरशाची पेटी चढवू लागला तसा म्हातारा ओरडला, "काच शेवटाला! आधी जड, मंग लांब, मंग नाजूक!" इतका मोठा आवाज त्या घरानं दिवाळीपासून ऐकला नव्हता. हनुमंतानं मुकाट पेटी खाली ठेवली. त्याला शिव्या खाऊन एवढं हसू कधी आलं नव्हतं.

रोहिणी कुलूप लावून आली, तर ज्योतिबा मागं सामानाशेजारी बसलेले. पागोटं नव्यानं बांधलेलं, खांद्यावर घोंगडी, हातात काठी.

"मामा, पुढं बसा ना."

"बिऱ्हाडापाशी कुनीतरी नको?" त्यांनी पडशीची गाठ चाचपली. "आज राजुरी. फुडचा मुक्काम कुठं?"

पुढचं काहीच ठरलं नव्हतं. हनुमंत तेच सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात रोहिणीनं त्याच्या पायावर पाय दिला.

"वारूळवाडी," ती म्हणाली.

मग पुढच्या सीटवर बसून तिनं दार ओढलं, फोन काढला आणि हनुमंताला हळूच विचारलं,

"वारूळवाडीच्या शाळेत तुमच्या ओळखीचं कोण आहे हो?"