कापल्या पायाची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे आणि सध्या माझं डोकं तापलेलं आहे. खुर्चीला कुठलं आलंय डोकं, असं म्हणू नका. ज्यांना देवाने डोकं दिलं त्यांनी ते कुठे ठेवलं होतं, हेच तर सांगायचं आहे.

एका सुताराने मला जुन्या दाराच्या लाकडातून घडवलं. रुंद बैठक, दोन हात, मागे उंच पाठ. नाट्यशाळेत आल्यापासून मी राजाचं सिंहासन झाले, न्यायाधीशाचं आसन झाले, न्हाव्याच्या दुकानातही उभी राहिले. दर वेळी नवा रंग. खरवडलंत तर आत सोनेरी, पांढरा, हिरवा असे थर सापडतील. एक वयस्क नटी तर प्रयोग संपल्यावर माझ्या हातावर थोपटून म्हणायची, "आज तू होतीस म्हणून निभावलं गं." त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं काढली. मग नव्या, हलक्या खुर्च्या आल्या आणि मला सामानाच्या खोलीत रंगाच्या डब्यांखाली टाकून दिलं. तेही मी सोसलं.

यंदा नाटक शिकवणाऱ्या बाईंनी शेवटच्या वर्षाच्या मुलांना सांगितलं, "नाट्यमहोत्सव या वेळी तुम्हीच उभा करायचा. तिकीटविक्री, प्रकाश, सजावट, सगळं. व्यावसायिक मंडळी करतात तसं. आणि गुणही त्याचेच मिळतील." झालं! 'व्यावसायिक' हा शब्द मुलांच्या तोंडी असा बसला की चहाचा कपसुद्धा ती व्यावसायिकपणे धरायला लागली.

रंगमंचाची जबाबदारी एका मुलीकडे आली. पडदा वर जाण्याआधी ती प्रत्येक दार उघडून बघे, प्रत्येक पायरीवर उभी राही, प्रत्येक खुर्चीवर स्वतः बसे. पोरांनी तिचं नाव तपासनीस ठेवलं. "तपासनीस, माझी मिशीही ओढून बघ, घट्ट आहे ना?" असं म्हणून खिदळायची. ती खरंच ओढून बघायची.

दुसरा एक मुलगा होता, सगळ्यांचा लाडका, विनोदी नाटकाचा दिग्दर्शक. दिसेल त्याला 'भन्नाट' म्हणायचा, म्हणून त्याचं नावच भन्नाट पडलं. त्याच्या नाटकात तोरा मिरवणारा जावई खुर्चीवर बसतो आणि खुर्चीसकट आपटतो. अशी मोडायची खुर्ची वेगळी बनवतात, तिला लाल खूण करतात, प्रयोग झाला की कुलपात ठेवतात. पण एवढा खटाटोप कोण करणार? भन्नाटने मला बाहेर काढलं आणि माझ्या मागच्या पायाला करवत लावली. अर्ध्याहून जास्त कापलं, फटीत मेण भरलं, वरून रंगाचा हात फिरवला. जावई झालेला मुलगा सोडला तर कुणाला सांगितलं नाही. सगळ्यांनाच धक्का बसायला हवा म्हणे! तपासनीस माझ्याकडे आली तेव्हा म्हणाला, "हिच्यावर बसू नकोस गं, रंग ओला आहे."

प्रयोगात जावयाला आधीच्याच वाक्यावर एवढा हशा मिळाला की गडी हुरळला, खुर्चीवर बसायचंच विसरला आणि तसाच आत निघून गेला. मी कापल्या पायावर उभीच. भन्नाट मात्र कौतुक झेलायला बाहेर पळाला.

लगेच दुसरं नाटक होतं. त्या नाटकवाल्यांची स्वतःची खुर्ची अरुंद पडली, कारण आजी झालेल्या मुलीला आपल्या धाकट्या बहिणीला मांडीवर घेऊन बसायचं होतं. म्हणून मला उचललं आणि उंच चौथऱ्याच्या अगदी कडेला मांडलं. मी ओरडत होते, मित्रांनो! पण लाकडाचं ओरडणं ऐकतो कोण? ती चिमुरडी तर माझा हात धरून बसायची वाट बघत होती.

महोत्सवाचा प्रमुख झालेला मुलगा घड्याळ दाखवत आला. "प्रेक्षक बसलेत. आता तरी तुझी तपासणी पुरे कर!"

"एकच खुर्ची राहिलीय," तपासनीस म्हणाली. "मघाशी रंग ओला होता हिचा."

"अगं, हिच्यावर राजे बसून गेलेत!"

"मग मीही बसते की."

ती बसली. पाय कडकन गेला आणि मी तिला घेऊन चौथऱ्यावरून खाली कोसळले. तिचा हात तिच्याच अंगाखाली सापडला. चिमुरडी भेदरून रडायला लागली. विंगेतल्या दोघांना वाटलं गंमत चाललीय, ते हसले! तपासनीस उठली, हात छातीशी धरून तिने दुसरी खुर्ची मागवली, तिच्यावरही बसून पाहिलं आणि मगच दवाखान्यात गेली.

आता निकाल ऐका. प्रयोग उशिरा सुरू झाला म्हणून तपासनीसचे गुण कापले. आणि भन्नाटला उत्कृष्ट मंचसाहित्याचं प्रशस्तिपत्र! खुर्ची जुनी होती, मोडली, असं सगळे म्हणाले आणि हा पठ्ठ्या गप्प बसून टाळ्या घेत राहिला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी तपासनीस प्लास्टरमधला हात घेऊन सामानाच्या खोलीत आली. मला उलटं करून तिने करवतीची सरळ कड पाहिली आणि भन्नाटला बोलावून घेतलं.

"सांगायचं राहून गेलं गं," तो पुटपुटला.

"राहून नाही गेलं. तुझं नाटक संपलं, म्हणजे खुर्चीही संपली असं वाटलं तुला. बाईंना तूच सांगायचंस, आजच. पण आधी हिचा पाय लाव."

त्याने मुकाट्याने नवा पाय बसवला, स्क्रू आवळले आणि हात झटकून निघाला.

"बस," ती म्हणाली.

"कुठे?"

"हिच्यावरच."

भन्नाट माघारी वळला. पाय हलवून पाहिला. वाकून पुन्हा एक स्क्रू आवळला. तरी त्याची बसायची छाती होईना.

मित्रांनो, मला पुसा, जपा, उन्हापावसात टाकू नका, असलं काही मी मागणार नाही. एवढंच मागते. जिच्यावर स्वतः बसायची तुमची छाती होत नाही, ती खुर्ची दुसऱ्यासाठी मांडू नका.