खरवडलेली पाटी

आमच्या भाऊजींची एक खोड आहे. वस्तू हातावर तोलून ते तिची जात सांगतात. अडॅप्टर उचलायचा, पिन बघायची आणि ठोकून द्यायचं, "हा चालेल." मीटर लावून खात्री करायचे ते आमचे हे, भाऊजींचे थोरले भाऊ. हे गेले आणि भाऊजींनी कॉम्प्युटर दुरुस्तीचं आख्खं दुकान घशात घातलं. माझ्या वाट्याला आलं भंगाराचं पोतं. दारात आपटलं आणि वर म्हणतात, "घ्या वहिनी, सोनं आहे."

पोतं उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. जुन्या कॉम्प्युटरचे बोर्ड, मेमरीच्या पट्ट्या, अडॅप्टर, सगळ्यांवरचे नंबर ब्लेडने खरवडलेले. मेल्याने घाम गाळून खरवडले होते, मला काही ओळखू येऊ नये म्हणून. तरी मी रस्ता ओलांडून दुकानात गेले आणि म्हटलं, "बाकी सगळं ठेवा, यांच्या नावाची ती उतरवलेली पाटी तेवढी द्या." भाऊजी म्हणाले, "पाटी दुकानाची आहे." तिथेच ठरवलं, पाटी घेईन तर याच माणसाच्या हातून.

यांचा मीटर घेऊन स्वयंपाकघराच्या टेबलावर बसले. नंबर खरवडला तरी बोर्ड चालू केला की पडद्यावर आपलं नाव सांगतो. अडॅप्टर मात्र मुके. ते एकेक मोजले आणि दोरे बांधले, बारा व्होल्टला पांढरा, एकोणीसला लाल. हळूहळू गिऱ्हाईकं यायला लागली.

एके दिवशी सकाळी भाऊजीच दारात. बगलेत छोटा कॉम्प्युटर आणि मागे तो जिचा, ती भरतकामाच्या कारखान्याची मालकीणबाई.

"वहिनी, याचा अडॅप्टर जळालाय. बाजारात मिळत नाही. तुमच्या पोत्यात एक होता."

होता ना! बारा व्होल्टचा. लेबल त्यांनीच सोललेलं.

"देते. आधी पाटी आणा."

"पाटीचं काय घेऊन बसलात! सरा, मीच शोधतो."

"शोधा की."

तेवढ्यात धूळ पुसायच्या निमित्ताने मी कॉम्प्युटर उघडला, आतली डिस्क काढली आणि बाईंच्या हातात दिली. "तुमची सगळी नक्षी यात आहे. जपून धरा."

भाऊजींनी अडॅप्टरचं खोकं उपसलं. "हे दोरे कसले?"

"माझी खूण आहे. सांगू?"

"राहू द्या. आयुष्य गेलंय माझं यात."

"मग मीटर तरी घ्या."

"मीटर शिकाऊंना लागतो."

एक तोलला, दुसरा तोलला आणि नेमका लाल दोऱ्याचा, एकोणीस व्होल्टचा उचलला. पिन अगदी घट्ट बसली. एका शब्दाने मी त्यांना थांबवू शकले असते. नाही थांबवलं. खोटं कशाला बोलू, आतून उकळ्या फुटत होत्या.

बटण दाबलं. फट्! जळका वास घरभर पसरला. बाई किंचाळल्याच.

"घाबरू नका, बसा," मी म्हटलं. त्याच जातीचा बोर्ड पोत्यात होता, केव्हाच तपासून ठेवलेला. तो बसवला, डिस्क जोडली, पांढऱ्या दोऱ्याचा अडॅप्टर लावला. पडद्यावर बोर्डाने आपलं नाव सांगितलं, मागोमाग बाईंची वेलबुट्टी उमटली. भाऊजी भिंतीकडे बघत उभे होते.

"आता आमचे कॉम्प्युटर दुरुस्तीला इथेच येणार," बाई मला म्हणाल्या आणि भाऊजींकडे वळल्या. "आणि तुम्ही यांची पाटी आणून द्या. नाहीतर आज काय झालं ते मी बाकीच्या कारखान्यांत सांगेन."

भाऊजींनी बरेच आढेवेढे घेतले. शेवटी गेले आणि कागदात गुंडाळलेली पाटी घेऊन आले. मी कागद फाडला. पाटीवर दुकानाचं नाव होतं. खाली जिथे यांचं नाव होतं, तिथे नुसते ओरखडे. त्याच ब्लेडचे.

या माणसासमोर रडणार नव्हते.

"रंगवून देतो वहिनी," भाऊजी पुटपुटले.

"खबरदार हात लावाल तर!"

तशीच ठोकली दारावर, त्यांच्या दुकानाच्या बरोब्बर समोर. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं, "हे नाव कुणी हो खरवडलं?" मी कामावरची मान वर करत नाही. फक्त रस्त्यापलीकडे बोट दाखवते.