वाजिदची निळी फौज

वाजिदनं श्वास रोखून धरला. गाठीचा तुकडा बसवलेल्या मेणाच्या ठोकळ्यावरून पातं सरकलं आणि चकत्यांची साखळी एकामागून एक बाहेर यायला लागली. अशा वेळी अख्ख्या नांदेडात कुणी शिंकायचं नाही, असा त्याचा नियम होता. नांदेडकर तो पाळत नसत, ही गोष्ट वेगळी. त्याची चकती इतकी पातळ की तिच्यातून पेपर वाचता येई, उर्दू आणि मराठी एकदम, अशी डॉक्टर लेनमध्ये वदंता होती. एकदा म्हणे पंख्याच्या वाऱ्यानं एक चकती उडाली, ती थेट मुदखेड जंक्शनवर एका हमालाच्या खांद्यावर सापडली. साक्षीदार एकटा तो हमाल, आणि तो वारला.

पण आज वाजिदनं पातं दोनदा पुसून घेतलं होतं. ठोकळ्यावर नुसता नंबर होता, चारशे बारा. रजिस्टरात त्याच्यापुढं लिहिलं होतं: शारिक, वय बावन्न, लिव्हरची गाठ. शारिक म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीचा, बिलकीसचा नवरा. देगलूर नाक्यावर त्याचं सायकलींचं दुकान. आणि बिलकीस सकाळपासून बाहेरच्या बाकड्यावर, न उघडलेला डबा मांडीवर घेऊन बसली होती.

चकती कोमट पाण्यावर तरंगली, काचेवर चढली, आधी निळ्या आणि मग गुलाबी रंगात बुडून निघाली. वाजिद काही डॉक्टर नव्हता. बारावी नापास, आणि तपासणीच्या या लॅबमध्ये पंचवीसेक वर्षं काचा रंगवणारा माणूस. पण काच डॉक्टर मॅडमच्या टेबलावर जायच्या आधी तिच्यावर डोळा लावायची त्याला चोरटी सवय होती. त्यातून त्यानं स्वतःचं एक शास्त्र काढलं होतं. गाठीजवळ बारीक निळे ठिपके दिसतात, त्या शरीराच्या लढणाऱ्या पेशी. शिपाईच म्हणा ना. ठिपके दाट तर माणूस वाचणार, विरळ तर अवघड. बाहेर ताटकळलेल्या नातेवाइकांना तो हे हळूच कानात सांगे. खरं निघालं की लोक भर रस्त्यात त्याच्या गळ्यात पडत. खोटं निघाल्यावर कोण कशाला सांगायला परत येतंय? त्यामुळं वाजिदचं शास्त्र इतक्या वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

शारिकच्या काचेवर निळंच निळं होतं.

तो बाहेर आला तशी बिलकीस उठली. "बोल ना भाई. क्या दिखा?"

"फौज खडी है, बिल्लो. लाखों में."

"तो उमैमा को बुलाऊं क्या नक्को?"

प्रश्न तेवढाच होता. उमैमा त्यांची एकुलती एक लेक. लातूरला क्लास लावून होस्टेलात राहिलेली, डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेची दुसरी खेप. परीक्षा अकरा दिवसांवर आलेली. बापाला साधी कावीळ झालीय, एवढंच तिला सांगितलं होतं.

"नक्को," वाजिद म्हणाला. "पेपर देको आने दे. बाप किदर जारा?"

बिलकीसनं तिथंच डबा उघडला आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी काच पंचशीला मॅडमच्या टेबलावर होती. काचा वाचून रिपोर्ट लिहायचं काम त्यांचं. वाजिद उगाच टेबल पुसत राहिला.

"मॅडम, चारशे बारात निळे लई हायत ना?"

मॅडमनी मान वर केली. "तू काचा बघतोस?"

"पहिल्यापासून."

"मग मला कशाला ठेवलंय इथं?" पण त्यांनी खुर्ची सरकवली. त्यांच्या मायक्रोस्कोपला दोघांनी बघायची सोय होती. "ये. हे ठिपके कुठं उभे आहेत?"

"गाठीच्या कडंला."

"आणि आत?"

आत तुरळक होते. 

"आत शिरले ते लढून लढून थकलेत. हत्यार हाय, पण उचलायचा जीव न्हाई. काहींचं कामच दुसऱ्यांना आवरायचं असतं, भांडणात घर पेटू नये म्हणून. ते इथंही आवरूनच धरतात. आणि हे मोठाले बघ. हे एरवी कचरा खाणारे, पण गाठीनं त्यांना आपल्याकडं वळवलंय. आता तिला रक्त मिळावं म्हणून हेच वाट करून देतात."

"मंजे फितूर?"

"फितूर म्हण, पण त्यांना त्याचा पत्ता न्हाई. आणि लिव्हर मुळात सोशिक. आतड्यातून आलेलं सगळं तिथूनच जातं. घासाघासाला लढाई केली तर माणूस जगेल का? म्हणून तिथले पहारेकरी काणाडोळा करायला शिकलेले असतात."

वाजिदनं पुन्हा डोळा लावला. "मग ह्यातले आपले कोणते न् तिचे कोणते?"

"या रंगात कळत न्हाई, वाजिद. या रंगात सगळे निळेच."

"त्यांला जागं करायचं औषध असंल की!"

"हाय. थोड्यांचे जागे होतात, बऱ्याच जणांचे न्हाई. आणि ते सोसायला लिव्हर तरी चालू पाहिजे." त्यांनी फाइलीतला स्कॅनचा कागद पुढं केला. "गाठ मोठ्या रक्तवाहिनीत शिरलीय. लिव्हर काम सोडून राहिलंय. भाची लातूरला हाय ना तुझी? बोलवून घ्या तिला."

वाजिद जिन्यात जाऊन बसला. आणि बसल्या बसल्या, कशाचा काही संबंध नसताना, त्याला भूकंप आठवला.

त्र्याण्णव साल. तो तेव्हा निलंग्याला खालाच्या, मावशीच्या घरी होता. गावंच्या गावं पडल्याचं कळलं तसा शेजारच्या रेवणसिद्धाचं फावडं उचलून तो टेम्पोत चढला. गावाशी पोचला तर ही गर्दी! पडलेल्या घरांभोवती माणसांची चार-चार पदरी रिंगणं. काहींच्या खांद्यावर पोरंसुद्धा. पाच-सहा जण तेवढे आत दगड उपसत होते. कुठंतरी मातीखालून कुणी पाणी मागत होतं. वाजिद कडेला उभा राहिला. त्याला कुणी अडवलं नव्हतं. पुढचा उभा होता म्हणून तो उभा, आणि त्याच्यामुळं मागचा. वरून कुणी हेलिकॉप्टरातून बघितलं असतं तर म्हटलं असतं, वा! केवढी फौज आलीय मदतीला!

संध्याकाळी तो त्याच टेम्पोनं परत आला. पुढं ही गोष्ट सांगताना त्यानं त्या ढिगाऱ्यातून दोन माणसं काढली, दहा वर्षांनी सात, आणि अलीकडं अकरा माणसं न् एक म्हैस. रेवणसिद्धाला फावडं मात्र कोरं परत मिळालं होतं.

मग त्या ठिपक्यांना फितूर म्हणावं, का बिचारे? वाजिदला काही केल्या ठरवता येईना.

लॅबपासून बहिणीचं घर वीस मिनिटांचं. त्या दिवशी वाजिदला चार तास लागले. रस्ता लांबला होता असं तो सांगतो.

"बिल्लो, वो नीले है ना," तो दारातच म्हणाला, "वो खडे है. सिरफ खडे है."

"मतलब?"

"मतलब मेरे को बी पूरा नै समझा. पन उमैमा को लाता मैं."

बिलकीस ना ओरडली ना रडली. भावाकडं बघत राहिली. "और बाकी लोगां?" तिनं विचारलं. "इत्ते साल जिनके कान में तू बोला, उनो?"



सकाळच्या पहिल्या एसटीनं तो लातूरला गेला. होस्टेलात फोन जमा करून घेत, म्हणून उमैमाला आधी कळवायची सोय नव्हती. हातात पेन तसंच धरून ती खाली आली. मामाला एकट्याला बघून थबकली.

"मामू, कावीळच है ना अब्बू को?"

एरवी वाजिदच्या जिभेवर उत्तर तयार असे, म्हशीसकट. पण तो म्हणाला, "मेरे को काच रंगाने को आता, बेटा. पढने को नै आता."

ती लगेच वर गेली आणि पाच मिनिटांत बॅग घेऊन आली. वाटेत अहमदपूरला एसटी थांबली तेव्हा तिनं एकच गोष्ट सांगितली. शत्रू ओळखून मारणाऱ्या पेशींवर हमखास चार मार्कांचा प्रश्न येतो.

"पुस्तक में है वैसाच लिख," वाजिद म्हणाला.

घरी शारिक भिंतीला टेकून बसला होता. डोळे पिवळेजर्द. दोन दिवसांत त्याचं बोलणं भरकटायला लागलं होतं. सकाळी त्यानं बिलकीसला दुकानातलं गिऱ्हाईक समजून तिच्या सायकलचं पंक्चर उद्यावर टाकलं होतं. पण लेकीला त्यानं लगेच ओळखलं.

"आ गई? कैसा गया पेपर?"

 परीक्षेला अजून नऊ दिवस होते.

उमैमानं अम्मीकडं बघितलं, मामूकडं बघितलं, आणि बापाजवळ बसली. "अच्छा गया, अब्बू."

"कित्ते मार्क पडते?"

"छे सौ के उप्पर."

"सुनी क्या, बिलकीस?" शारिकचा चेहरा फुलला. "बैठी क्या है? सबका मुँह मीठा कर!"

घरात गोड काही नव्हतं. बिलकीस उठली, साखरेचा डबा काढला. चिमूटभर साखर नवऱ्याच्या जिभेवर ठेवली, चमचाभर लेकीच्या हातावर. मग डबा तसाच घेऊन ती वाजिदपुढं येऊन उभी राहिली.

वाजिदनं हात पुढं केला.