एका माणसानं उचलायचा रस्ता

ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते. एकटा माणूस असला तर त्याला अर्धा कोयता म्हणतात. जिवनबाई गेली आणि मी अर्धा झालो.

ती कारखान्यावरच गेली, उसाच्या फडाशेजारच्या पाचटाच्या कोपीत, तापानं. त्या कोपीत मला पुन्हा झोपायचं नव्हतं. पण दसऱ्याच्या आधी आमच्या तांड्यावर भावसिंग मुकादम आला. टोळीतल्या थावराची बायको बाळंत झालेली, म्हणून तोही या साली एकटाच होता.

"दोन अर्धे मिळून एक कोयता होतो, प्रेमदासभाऊ," भावसिंग म्हणाला. "तो तोडंल, तू बांध. बाळापूरच्या बाजारात मला सांग. मंग टोळी भरली."

मी हंगामाचे आगाऊ पैसे, उचल, घेतली नव्हती. त्यामुळे त्याची माझ्यावर जबरदस्ती नव्हती. पण तांड्यावर बसून खायचं काय, हे मलाही सांगता येत नव्हतं. मोळी बांधायचं काम जिवनबाईचं होतं. ते माझ्या हातानं करायचं या विचारानंच मला जेवण जात नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी कारखान्याजवळच्या जत्रेत एक माणूस रिमोटच्या गाड्या पळवायला देत होता. मोकळ्या मैदानात, नुसत्या मातीवर. जिवनबाईनं रिमोट हातात घेतला आणि गाडी थेट भज्याच्या कढईखाली घातली. भजेवाला ओरडायला लागला तशी ती माझ्या पाठीमागं लपून हसत राहिली. परत येताना म्हणाली, "गाडी चांगली व्हती. रस्ताच न्हाई तिला."

भावसिंग येऊन परत गेला त्या दिवशी मला हे आठवलं.

नांदेडहून दोन गाड्या आणल्या, चार्जिंगच्या. पहिल्या खेपेला दोन्ही सारख्याच निघाल्या. एक रिमोट दाबला की दोन्ही पळायच्या. परत जाऊन एक बदलून आणली. थोरली वहिनी पद्माबाई दारात उभी राहून बघत होती.

"बायको गेल्यावर लोक दुसरी बायको आणतात," ती म्हणाली. "तू मोटार आणली, ते बी दोन."

मी म्हणालो, रस्ता करून राहिलो. मग तिनंच घरातली जुनी ताडपत्री आणून टाकली.

ताडपत्री अंथरली आणि कडेनं दगड लावले. गाडी दगडाला लागली की उलटायची. दगडाच्या जागी भावाच्या मळ्यातला जुना काळा पाईप घेतला. पाण्याच्या मोटारीचा, उन्हानं तडकलेला. त्यातले चांगले तुकडे कापले. तो वर्षानुवर्षं वेटोळं होऊन पडलेला होता, म्हणून वळणं आपोआप तयार झाली. सरळ तुकडे काढायलाच तकलीफ झाली. ते दिवसभर उन्हात ठेवून दगडाखाली दाबले. गाडी पाईपाला घासली तरी आता उलटत नव्हती, सरकून पुढं जायची.

पण वारं आलं की ताडपत्री पाईपासकट वर उचलायची. पाईपात वाळू भरली, तर ती जड झाली. मला एकट्याला उचलवेना. आणि घडी घालणं तर त्याहून अवघड. मोठी ताडपत्री एका माणसाला घडी करताच येत नाही. एक टोक धरलं की दुसरं मातीत लोळतं. आजवर दुसरं टोक जिवनबाई धरायची, हे मला तेव्हाच कळलं. कशीबशी गोळा केलेली ताडपत्री परत अंथरली की घडीच्या रेषा उभ्या राहायच्या, आणि त्यावर गाडी उड्या मारायची.

एकदा तर मी सगळं तसंच टाकून ओट्यावर बसलो. पद्माबाई चटई गुंडाळत होती. एकटीच. गुडघ्यानं दाबत, पुढं ढकलत. मी उठलो. ताडपत्रीच्या एका टोकाला बांबू बांधला आणि तिच्यासारखंच गुंडाळत गेलो. एका माणसाचं काम निघालं. शिवाय घडी पडली नाही.

वजनाचं उत्तरही साधं होतं. वाळू बरोबर न्यायची कशाला, पाणी जागेवर भरायचं. पाईपाच्या तोंडात ठोकायला बाभळीच्या खुंट्या तासल्या.

बाजाराच्या दिवशी एसटीनं बाळापूरला गेलो. हापशाच्या जवळ जागा बघितली. ताडपत्री उलगडली, कडेच्या भोकांतून सुतळी ओवून पाईप बांधले, घागरीनं पाणी भरलं आणि खुंट्या ठोकल्या. सगळीकडून पाणी गळायला लागलं. भावसिंग समोरच्या हॉटेलात चहा पीत होता. तो बघत होता हे मला माहीत होतं. मी कमी पडलेलं पाणी पुन्हा भरलं, खुंट्या पुन्हा ठोकल्या, आणि उकिडवा बसून राहिलो. थोड्या वेळानं लाकूड फुगलं. गळायचं थांबलं.

दुपारी वारं सुटलं. शेजारच्या कपडेवाल्याचं छप्पर उडालं. माझ्या रस्त्याची कड थोडी थरथरली आणि तशीच बसून राहिली.

सुरुवातीला लेकरं आली, पैसे देऊन दोघं-दोघं शर्यत लावायला लागली, मग त्यांचे बाप आले, मग बापच हटेनात. एक कापूस विकायला आलेला माणूस तीनदा हरला आणि रिमोटच खराब आहे म्हणत चौथ्यांदा रांगेत लागला. गर्दी जरा हटली तसा भावसिंग आला. त्यानंही एका पोराशी गाडी पळवली. हरला.

"याच्यावर वर्ष निघंल काय?" त्यानं विचारलं.

"बाजार रोज कुठं ना कुठं असतो," मी म्हणालो. "मी येत न्हाई, भाऊ. थावराला दुसरा अर्धा बघ."

तो रागावला नाही. पाईपावर पाय दाबून बघितला, आत काय आहे विचारलं. पाणी म्हटल्यावर हसला. "जिवनबाई असती तर तिनं मला बी हरवलं असतं," म्हणाला.

"तिनं गाडी तुझ्या चहात घातली असती," मी म्हणालो. ती गेल्यापासून तिच्याबद्दल बोलताना मी पहिल्यांदा हसलो.

संध्याकाळी खुंट्या काढल्या. पाणी मातीत गेलं. पाईप हलके झाले. ते सोडले, ताडपत्री बांबूवर गुंडाळली, दोन्ही एकत्र बांधून खांद्यावर घेतलं आणि गाड्यांची पिशवी हातात. कुणाला टोक धर म्हणावं लागलं नाही.

एसटीत मागच्या बाजूला उभा राहिलो. कंडक्टर आला. "एक फुल?"

"एक फुल."

त्यानं तिकीट फाडलं आणि खाली बघितलं. माझ्या ओझ्यातून पाण्याची बारीक धार सीटाखाली चालली होती.

"बाबा, दूध सांडून राहिलं काय?"

"न्हाई," मी म्हणालो. "रस्ता ओला हाय. घरी गेल्यावर वाळंल."

तो पुढच्या सीटाकडं गेला. मी टेकून उभा राहिलो. मला भूक लागली होती.